स्लॅब मे महिन्यात फुटतो, जूनमध्ये गळतो

फेब्रुवारी २०२४ मध्ये छतावर सोलर बसवायला अनुदान देणारी केंद्राची सूर्यघर योजना आली, आणि तेव्हापासून मला एकच प्रश्न सतत विचारला जातो: "छतावर सोलर बसवून घेऊ का?" मी बेळगावात बँकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो, म्हणजे कर्ज देण्याआधी ते घर खरोखर किती किमतीचं आहे ते बघून सांगतो. विचारणारा कोणीही असो, मी उत्तर देण्याआधी त्याला घेऊन गच्चीवर जातो.

मागच्या मे महिन्यात वडगावातल्या एका मावशींच्या गच्चीवर असाच गेलो. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, वारं गार सुटलं होतं, तरी अनवाणी पाय स्लॅबवर ठेववत नव्हता. कठड्याच्या बुडाशी, जिथे कठडा स्लॅबला मिळतो तिथे, केसाएवढी भेग लांबवर गेली होती. तिच्यातून मुंग्यांची रांग ये-जा करत होती. मावशी म्हणाल्या, "ती होय? ती केव्हाची आहे की. पावसात जरा ठिबकतंय तिथं, बादली ठेवतो आम्ही."

तापलेला स्लॅब, ती भेग, विजेचं बिल आणि घराची किंमत या चार गोष्टी लोक वेगवेगळ्या समजतात. पंख्यासाठी एक माणूस, गळतीसाठी दुसरा, रंगासाठी तिसरा. प्रत्यक्षात हे सगळं एकाच धाग्यात ओवलेलं आहे, आणि तो धागा हातात आला की पैसा आधी कुठे घालायचा हे आपोआप कळतं.

जागेचा भाव चढतो, बांधकामाचा उतरतो

"घराची किंमत वाढली" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा जमिनीची किंमत वाढलेली असते. टिळकवाडीत किंवा भाग्यनगरात जागेचा भाव चढला, की त्यावरचं घरही महाग झाल्यासारखं वाटतं. मूल्यांकनात मात्र आम्ही दोन हिशेब वेगळे मांडतो: जमिनीचा एक, बांधकामाचा एक. बांधकामाची किंमत दरवर्षी थोडी कमी होत जाते. या घटीला घसारा म्हणतात.

आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या घराचं आयुष्य साधारण ६० वर्षं धरतात, आणि शेवटी दहा टक्के किंमत भंगाराची उरते असं मानतात. समजा, तुमचं घर आज नव्यानं बांधायला २० लाख लागतील आणि ते २० वर्षांचं आहे. मग घसारा तीस टक्के, बांधकामाची किंमत १४ लाख. आता मी आत गेलो आणि छताचा गिलावा फुगलेला, सळ्यांचा गंज खाली उतरलेला दिसला. मी त्या घराला अजून ४० वर्षं देऊ शकत नाही. १५ वर्षं दिली, तर एकूण आयुष्य ३५ वर्षांचं होतं, घसारा एक्कावन्न टक्क्यांवर जातो आणि किंमत पावणेदहा लाखांच्या आसपास येते. एका गळक्या छतानं सव्वाचार लाख खाल्ले, आणि जमिनीचा भाव वाढत असल्यामुळे मालकाला ते कळतही नाही.

दर्शनी भागाला लावलेला ग्रॅनाइट, हॉलमधलं फॉल्स सिलिंग, नवा रंग या गोष्टींनी हे आयुष्य एक वर्षानंही वाढत नाही. घर सुंदर दिसावं असं मलाही वाटतं. पण फॉल्स सिलिंगच्या वर छत ओलं असेल तर ते सिलिंग फक्त ओल झाकतं. जुनं घर बघताना मी सगळ्यात आधी त्याचाच एखादा दिवा काढून आत टॉर्च मारतो.

भेग पडते कशी

काँक्रीट तापलं की फुगतं, निवलं की आक्रसतं. फुगणं फार थोडं असतं, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. ३० फूट लांबीचा स्लॅब पहाटेपासून दुपारपर्यंत तीस अंशांनी तापला, तर तो अडीच-तीन मिलिमीटर लांबायला बघतो. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, जवळपास तेवढं. स्लॅब लांबायला बघतो, पण खालच्या भिंती सावलीत असतात, त्या तेवढ्या तापत नाहीत. त्या त्याला धरून ठेवतात. ही ओढाताण रोज होते, संपूर्ण उन्हाळाभर. जोड जिथे कच्चा असतो तिथे शेवटी तो उघडतो: कठड्याच्या बुडाशी, पाइप स्लॅबमधून गेलेला असतो तिथे, किंवा जुन्या स्लॅबला नवा जोडला असेल तिथे.

मग एप्रिल-मेमध्ये वळीव येतो. दिवसभर तापलेल्या स्लॅबवर अर्ध्या तासात गार पाण्याचे लोंढे पडतात, वरचा थर एकदम आक्रसतो, आतला अजून गरमच असतो. काचेच्या गरम पेल्यात गार पाणी ओतल्यावर होतं तसंच. जूनमध्ये गळायला लागल्यावर लोक पावसाला दोष देतात. पावसानं फक्त वाट शोधलेली असते, ती पाडलेली असते उन्हानं. म्हणूनच गच्ची थंड ठेवणं हा गळती थांबवण्याचा पहिला उपाय आहे, आणि हे मला फार कमी गवंडी सांगताना दिसतात.

पाणी आत गेल्यावर

स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी सळीपर्यंत पोचतं. सळी गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो. ती जागा तो काँक्रीट फोडून घेतो. छताचा एखादा पोपडा पंख्याशेजारी पडला, तर तो आतून ढकलला गेलेला असतो. असं छत काठीच्या टोकानं हळू ठोकून बघावं. चांगला भाग खणखणीत वाजतो, सुटलेला भाग बद्द आवाज देतो. त्या बद्द आवाजाच्या कडेनं खडूनं रेघ मारा आणि सहा महिन्यांनी पुन्हा ठोका. रेघेच्या बाहेर आवाज सरकला असेल तर आता थांबू नका.

विजेशी याचा संबंध असा. चुलीवरचं पातेलं कोरड्या फडक्यानं उचललं तर चालतं, ओल्या फडक्यानं उचललं की हात पोळतो. विटेची किंवा चिऱ्याची भिंतही तशीच आहे. तिच्यातल्या बारीक छिद्रांत हवा असते तोवर ती बाहेरची उष्णता अडवते, छिद्रांत पाणी भरलं की उष्णता सरळ आत येते. ओलं घर उन्हाळ्यात जास्त तापतं आणि पावसाळ्यात जास्त गार पडतं. पंखा, गीझर, कपडे वाळवायची धडपड, सगळ्यांचा खर्च त्यातून वाढतो.

"बेळगावात कसला आलाय उन्हाळा?"

हा आक्षेप प्रत्येक जण घेतो, आणि त्यात तथ्य आहे. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, रात्री गार असतात. पण हवा गार असणं वेगळं आणि स्लॅब गार असणं वेगळं. उघडा, काळवंडलेला सिमेंटचा पृष्ठभाग अंगावर पडलेल्या उन्हातला निम्म्याहून जास्त भाग शोषून घेतो आणि मेच्या दुपारी पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो, हवा पस्तीस-छत्तीसच असली तरी. जाड काँक्रीट ही उष्णता साठवून ठेवतं आणि काही तासांनी खाली सोडतं. मातीचा तवा गॅस बंद केल्यावरही भाकरी भाजतो, तसं. म्हणून बाहेर अंगणात गार वारा असतो आणि वरच्या मजल्यावर झोपणाऱ्याला रात्री अकरालाही घाम फुटतो. उष्णता साठवण्याच्या या गुणाला थर्मल मास म्हणतात. आणि ज्या गावात दिवस-रात्रीचं तापमान जास्त बदलतं, तिथे स्लॅबचं फुगणं-आक्रसणंही जास्त होतं.

मग गच्चीवर काय करायचं?

आधी उतार बघायचा. बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबतं ते पाहा. पाणी साचत असेल तर वर कितीही भारी केमिकल लावलं तरी ते टिकणार नाही. उतार साधारण शंभराला एक असावा, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंच. जोडाच्या भेगा खरवडून, साफ करून भरायच्या आणि कठड्याच्या बुडाशी वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलसर उतार, काढायचा, म्हणजे पाणी कोपऱ्यात मुरत नाही.

त्यावर काय घालायचं याचे पर्याय खिशाप्रमाणे आहेत. सगळ्यात टिकाऊ म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा थर, ज्याला गवंडी चायना मोझॅक म्हणतात. कोब्यानं उतार मिळतो, विटेचे तुकडे उष्णता अडवतात, पांढरा रंग ऊन परतवतो. एका कामात तिन्ही गोष्टी साधतात, म्हणून मला हाच सगळ्यात आवडतो. पण तो जड असतो. जुन्या कोब्यावर दुसरा कोबा कधीही चढवू नका, स्लॅबला तो भार पेलेल की नाही हे इंजिनियरला विचारल्याशिवाय तर नाहीच.

ब्रशनं लावायचं रबरासारखं कोटिंग स्वस्त आणि झटपट. पांढरं घेतलं तर थंडावाही मिळतो. ते चार-पाच वर्षांत पुन्हा लावावं लागतं आणि त्यावर कुंड्या ओढल्या की फाटतं. माझ्या स्वतःच्या घरी मी एकदा घाई केली होती. मेच्या शेवटी एका ठेकेदारानं दोन दिवसांत काम उरकून दिलं, खालचा स्लॅब पुरता वाळलेलाही नव्हता. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ झाली, कोटिंगला पुरीसारखे फुगे आले, आणि श्रावणापर्यंत ते सालपटासारखं निघालं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, गच्चीचं काम दिवाळी ते होळी या दरम्यान करा. तेव्हा स्लॅब कोरडा असतो आणि गवंडीही मोकळे असतात.

एवढे पैसे नसतील तर दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्चीला चुना मारा, थोडा डिंक घालून. पावसात तो धुऊन जातो, पण तोवर उन्हाळा संपलेला असतो. एका दिवसाचं काम, आणि वरच्या खोलीतला फरक पहिल्याच रात्री कळतो.

"पत्र्याचं शेड मारलं की झालं, नाही का?"

अनगोळ, वडगाव, शहापूर, कुठेही उंचावरून बघा, निळे-लाल पत्रे दिसतात. शेड वाईट नाही. ते स्लॅबला सावली देतं आणि पाऊसही अडवतं, म्हणजे मी वर सांगितलेली दोन्ही कामं करतं. पण ते काम पत्रा आणि स्लॅब यांच्यामधून वाहणाऱ्या हवेवर अवलंबून आहे. लोक वर्षभरात शेडच्या बाजू पत्र्यानं बंद करतात, अडगळ भरतात, आणि तिथे भट्टी तयार होते. बाजू उघड्या ठेवा. पत्र्याच्या टोकाला पन्हळ लावून पाणी पाइपनं खाली गटारापर्यंत न्या, नाहीतर गच्चीवरची ओल जोत्यात येईल, तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या. खांब कठड्यात भोकं पाडून बसवले असतील तर ती भोकं पक्की भरा. गळती थांबवायला मारलेल्या शेडच्याच बोल्टातून पाणी उतरताना मी अनेकदा पाहिलं आहे.

शेड रीतसर परवानगीचं आहे का, हेही बघा. घर विकायला निघालं की आता ई-खाता, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदीचा डिजिटल उतारा, लागतो. कागदावरचं बांधकाम आणि जागेवरचं बांधकाम जुळत नसेल, तर गिऱ्हाईक तेवढ्यावरच भाव पाडतं. उतारा कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर जाणत्याकडून शब्दन् शब्द वाचून घ्या, विकायच्या वेळी नव्हे, आत्ताच.

खानापूरकडे चिरा, निपाणीकडे काळी माती

आपल्या सीमाभागात एकच सल्ला सगळीकडे चालत नाही. पश्चिमेला खानापूर तालुक्यात पाऊस मुसळधार आणि भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर मंगळुरी कौलं. पूर्वेला अथणीकडे पाऊस फार कमी, ऊन कडक. मधल्या निपाणी-चिकोडीकडे काळी रानं.

चिऱ्याची भिंत पाणी पिते आणि सोडतेही. जुन्या लोकांनी ती चुन्यात बांधली, कारण चुना ओलावा बाहेर जाऊ देतो. आपण बाहेरून सिमेंटचा घट्ट गिलावा केला की ओल बाहेर पडू शकत नाही, ती आतल्या बाजूला येते आणि वर चढते. दिव्याच्या वातीतून तेल वर चढतं तशीच. पाणी वाळतं, क्षार मागे राहतात, आणि भिंतीला लोणा लागतो. त्यावर रंग मारणं म्हणजे पैसे भिंतीत पुरणं आहे. अशा घरात आधी जोत्याभोवतीची माती खाली घ्या, वळचणीचं पाणी दूर पडेल असं करा, आणि गिलावा चुन्याचा निवडा. कौलं पावसाआधी परतून घ्या. कौलारू घराला हवा खेळण्याची सोय मुळातच असते, कौलं काढून पत्रा घालण्याची घाई करू नये. कौलांखाली एक माळा किंवा फळ्यांचं छत असेल तर तेवढं घर मेमध्येही गार राहतं.

काळी माती भिजली की फुगते, वाळली की तडकते, आणि तिच्यावर उभं घर दरवर्षी थोडं उचललं जातं, थोडं बसतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग याच हालचालीची खूण. इथे उपाय गच्चीपेक्षा जमिनीवर जास्त आहे. जोत्याभोवती तीन फूट रुंद फरशी, उतार बाहेरच्या बाजूला, आणि भिंतीलगत मोठं झाड नको. घराखालची माती वर्षभर सारखीच ओली किंवा सारखीच कोरडी राहिली पाहिजे, एवढंच साधायचं. मातीच्या भिंतींचं काय होतं ते आपण ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाहिलं. त्या वरून पडल्या नाहीत, बुडाशी भिजून खाली बसल्या.

"वीज फुकटच आहे, वाचवायची कशाला?"

कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेमुळे ऑगस्ट २०२३ पासून अनेकांचं बिल शून्य आलं. पण तिचा हिशेब नीट समजून घ्या. सगळ्यांना सरसकट २०० युनिट मोफत मिळत नाहीत. २०२२-२३ मध्ये तुमचा महिन्याचा सरासरी वापर जेवढा होता, त्यात दहा टक्के (वापर अगदी कमी असेल तर आता दहा युनिट) मिळवून जो आकडा येतो तेवढी वीज मोफत, जास्तीत जास्त २०० पर्यंत. त्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० ओलांडलेत तर पूर्ण बिल तुमच्याकडे. म्हणजे १९५ आणि २०५ मध्ये दहा युनिटांचा फरक, पण एका महिन्याचं अख्खं बिल.

आता पंख्याचं बघा. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॅटच्या आसपास. रोज दहा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. चार पंखे, ५४ युनिट. गीझर रोज तासभर चालला तर दोन किलोवॅटच्या हिशेबानं महिन्याला ६० युनिट होतात. तिथे सोलर वॉटर हीटर बसवला तर पावसाळ्याचे ढगाळ आठवडे सोडून गीझरला हात लावावा लागत नाही. ज्यांच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे त्यांनी तो मोडीत काढू नये, त्या आठवड्यांत तोच कामाला येतो.

आणि ते सोलर?

सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं अनुदान आहे, म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००. त्याहून मोठं बसवलं तरी अनुदान तेवढंच. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे सूर्य दिसतो किती, हे मी सांगायला नको. दिवसा उरलेली वीज लाईनीत सोडायची, रात्री लाईनीतून घ्यायची आणि मीटरनं वजाबाकी करायची, याला नेट मीटरिंग म्हणतात.

ज्यांचा वापर महिन्याला ऐंशी-नव्वद युनिट आहे आणि ते गृहज्योतीत बसतात, त्यांनी घाई करू नये असं माझं मत आहे. ज्यांच्याकडे एसी आहे, खाली दुकान किंवा शिवणयंत्रं आहेत, त्यांच्यासाठी ही चांगली गुंतवणूक आहे. पण दोघांनाही अट एकच: आधी गच्ची. पॅनेल पंचवीस वर्षं राहणार आहे. त्याचे पाय गळक्या स्लॅबवर रोवलेत, तर पुढे गळती काढायला सगळा सांगाडा उतरवावा लागेल. गच्ची नीट करून बसवलेत, तर पॅनेलची सावली स्लॅबलाच मिळते.

वर थोरला, खाली धाकटा

सगळ्यात अवघड अडचण गवंड्याच्या हातात नसते. वाटणीच्या घरात गच्ची सामाईक, गळतं मात्र एकाकडे. वडगावच्या मावशी वरच्या मजल्यावर, त्यांचे दीर खाली. दिरांचं म्हणणं, "आमच्यात कुठं गळतंय? आम्ही का पैसे घालू?" त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर तेही हेच म्हणालं असतं. मी त्यांना जिन्याखालच्या खांबाजवळ नेलं. खांबाला वरून खाली एक तपकिरी ओघळ आला होता. वरच्या तुळईत शिरलेलं पाणी खांबाच्या सळीच्या कडेनं त्यांच्या मजल्यापर्यंत पोचलं होतं. खांब दोघांचे आहेत, आणि बँक घराचं आयुष्य मोजते तेव्हा मजले वेगळे मोजत नाही. तो १४ लाख आणि पावणेदहा लाखांचा हिशेब मी तिथेच वहीच्या पानावर मांडून दाखवला.

ते लगेच काही बोलले नाहीत. दिवाळीनंतर फोन आला. खर्च दोघांत निम्मा, तसं कागदावर लिहून सह्या केलेल्या. कोबा आणि चायना मोझॅक झाल्यावर आम्ही पाण्याची चाचणी घेतली: पन्हळीची तोंडं चिंध्यांनी बंद केली, गच्चीवर दोन इंच पाणी भरलं आणि अठ्ठेचाळीस तास तसंच ठेवलं. मावशी सांगत होत्या, ते दोन दिवस दीर सकाळ-संध्याकाळ टॉर्च घेऊन वर त्यांच्या स्वयंपाकघरात येत होते आणि मान वर करून छताचा कोपरा न् कोपरा हातानं चाचपत होते.